बकासुरासाठी कापलेला फलाट

गुणाजी परबाने आयुष्यात पुष्कळ दगड घडवले. लोक मात्र त्याला एकाच कामाबद्दल विचारत. एकोणीसशे अडतीस साली बोरिवलीच्या एका फलाटाची कड त्याने चार इंच मागे घेतली होती, आणि तीही एका इंजिनासाठी.

त्या वेळी रेल्वे कंपनीची होती. विलायतेहून एक वाफेचं इंजिन यायचं होतं. एवढं मोठं इंजिन या रुळांवर कधी चाललं नव्हतं. चालतं की नाही हे बघायलाच ते मागवलेलं. गोदीत उतरवायचं आणि दुसऱ्या इंजिनाने ओढत उत्तरेकडच्या कारखान्यात न्यायचं, असं ठरलं. त्याच्या दोन्ही अंगांना रांजणासारखे वाफेचे सिलिंडर होते आणि ते फलाटाला घासणार होते. म्हणून कड कापायचा हुकूम निघाला.

कड काळ्या दगडाची, लांबी सहाशे दहा फूट. माणसं दोन, गुणाजी आणि त्याच्याच गावचा लवू. आधी रेघ मारायची, मग रेघेवर छिन्नीने बारीक टाके घालत जायचं, मग एकच जोराचा घाव. काळा दगड घाई केली तरी फुटतो, पण हवा तिथे फुटत नाही. चांगल्या दिवशी एका माणसाचे तीन फूट होत. गाडी आली की हत्यारं उचलून मागे सरायचं, गेली की परत बसायचं. मुकादमाने इंजिनाच्या रुंदीचा लाकडी साचा केला होता. तो ढकलगाडीवर उभा करून रुळांवरून न्यायचा. साचा आणि दगड यांच्यात दोन इंच जागा राहिली की काम पास. साडेतीन महिन्यांत एकही दगड नापास झाला नाही.

शेवटच्या आठवड्यात लवूच्या उजव्या डोळ्यात कपची गेली. पुढच्या रविवारी सकाळी इंजिन बोरिवलीवरून गेलं, असं सगळे म्हणाले. त्या सकाळी गुणाजी इस्पितळात लवूच्या खाटेशी बसला होता. डोळा काढून टाकला होता. इंजिन दोघांनीही पाहिलं नाही.

कंपनीने लवूला त्याच फलाटावर पाणीवाला केलं. लांब पल्ल्याची गाडी थांबली की बादली घेऊन डब्याडब्यापाशी जायचं आणि खिडकीतून पुढे आलेल्या तांब्यात पाणी ओतायचं. पाण्याबरोबर तो इंजिनाची गोष्टही देऊ लागला. खूप कोळसा खाणार म्हणून गँगवाल्यांनी त्या इंजिनाचं नाव बकासुर ठेवलं होतं. लवूच्या तोंडी बकासुर दरवर्षी वाढत गेला. मालाडच्या विहिरींचं पाणी हिंदकळलं, दहिसरच्या म्हशींनी दोन दिवस दूध दिलं नाही, ड्रायव्हरला शिडी लावून चढवावं लागलं.

सुटीच्या दिवशी गुणाजी फलाटावरच्या बाकावर येऊन बसे आणि ऐके.

"लवू, आज चोवीस चाकं सांगितलीस. गेल्या महिन्यात अठरा होती."

"गेल्या महिन्यात गाडी दोनच मिनिटं थांबली, मरे. आज सिग्नल नव्हता."

लवूला चाकांचं काही नव्हतं. गुणाजीला होतं. त्याला एकच गोष्ट नक्की हवी होती, ते इंजिन खरोखर इथून गेलं का. गेलं असेल तर लवूचा डोळा एका कामात गेला. नसेल तर तो कशात गेला? हे त्याने लवूला कधी बोलून दाखवलं नाही.

इंजिन पाहिलं म्हणणारे पुष्कळ भेटत. गुणाजी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारी. दगड आणि इंजिन यांच्यात जागा किती उरली? अंधेरीचा पॉइंट्समन दशरथ म्हणाला, "एक बोट." एक तिकीट तपासनीस म्हणाला, "पोस्टकार्ड सरकलं नसतं." गुणाजी मान हलवी आणि विषय बदली. दोन इंच म्हणणारा एकही माणूस तीस वर्षांत भेटला नाही. इंजिन आलंच नसावं, असं त्याला वाटू लागलं होतं.

सत्तर साली त्याला गोराईत एक काम मिळालं. गावच्या क्रूसाचा चौथरा एका बाजूने खचला होता, त्याचे चार दगड नवे घडवायचे होते. नोकरीतून तीन दिवसांची रजा काढून तो रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून जाई. क्रूसासमोरच्या घरात क्लेमेंट आणि व्हायोलेट राहत. व्हायोलेट त्याला दुपारी हाक मारी, "गुणाजीभाऊ, हात धुवा, भात निवतोय." क्लेमेंट वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला रेल्वेचा ड्रायव्हर. तो ओट्यावरून गुणाजीचं काम बघे, पण मध्ये बोलत नसे. गुणाजीला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना कळलं की अडतीस साली क्लेमेंट फायरमन होता.

"बकासुर पाहिलात?" गुणाजीने विचारलं.

"पाहिला म्हणजे? त्याला ओढणाऱ्या इंजिनावर मीच होतो."

"आता हा सांगत बसणार," व्हायोलेट म्हणाली. "भाऊ, आमटी आत्ताच वाढून घ्या."

गुणाजीने हातातला घास खाली ठेवला. "बोरिवलीच्या फलाटाशी जागा किती उरली होती?"

"वीतभर. थोडी जास्तच."

"वीतभर कशी असेल? दोन इंच."

"अरे, मला कामच ते दिलेलं. मागे वाकून बघत राहायचं, घासतंय वाटलं तर ओरडायचं. प्रत्येक फलाट बघितला मी. वीतभर."

"दोन्ही अंगांना सिलिंडर होते ना त्याला?"

"होते, पण मागे जोडलेल्या मालाच्या वाघिणीत. गोदीतच काढून ठेवलेले. त्याशिवाय तो आपल्या नेहमीच्या इंजिनाएवढाच रुंद. लांब होता, उंच होता. रुंद नव्हता."

गुणाजीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "ते काढले कधी?"

"निघायच्या महिनाभर आधी. पुलांना लागतील म्हणून. काढायचा हुकूम वेगळ्या कचेरीचा होता, नाहीतर फलाट कापणाऱ्यांना कोणीतरी थांबवलं असतं." मग क्लेमेंटने गुणाजीच्या हातांकडे पाहिलं. "फलाट तू कापलास?"

"दोघांनी."

बकासुर तीन महिने चालला, असंही क्लेमेंटने सांगितलं. त्याच्या वजनाने रूळ दबले, मग तो शेडमध्ये उभा राहिला आणि शेवटी तोडला गेला. गुणाजीने ते अर्धवट ऐकलं. उरलेले दगड त्याने तिसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे बसवले, सांधे भरले, ओळंबा लावून तपासले आणि होडीने परत आला.

पुढचे दोन रविवार तो फलाटावर गेला नाही. तिसऱ्या रविवारी गेला. लवू नळाखाली बादली भरत होता.

"खंय होतंस? माका वाटला, गोराईकरांनी ठेवूनच घेतल्यानी तुका."

"बकासुर ओढणारा माणूस भेटला."

लवूने नळ बंद केला. "आलेला?"

"आलेला. याच रुळांवरून."

"मी सांगत होतंय."

"सिलिंडर काढून आणला होता. कड कापायची गरज नव्हती."

लवूने एका डोळ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "कधी काढल्यानी?"

इथे गुणाजीला आदल्या दिवशी काढले असं म्हणता आलं असतं. होडीत बसल्यापासून तो तेच मनात घोळवत होता. पण मोजलेलं माप बदलून सांगणं त्याला कधी जमलं नव्हतं.

"महिनाभर आधी."

"म्हणजे माझो डोळो गेलो तेव्हा..."

"काढून झाले होते."

लवू कडेला जाऊन उभा राहिला. त्याने फलाटाच्या उत्तर टोकाकडे पाहिलं. "म्हणजे शेवटचे दीडशे फूट फुकट."

"एकशे छप्पन."

गाडी आली. लवूने बादली उचलली आणि पहिल्या डब्यापासून पाणी देत गेला. गोष्ट सांगितली नाही. तांबे भरले, पैसे कोणी दिले तर नाही म्हणाला. दुसरी गाडी पाऊण तासाने आली. त्या वेळीही त्याने नुसतं पाणी दिलं. गुणाजी बाकावरच बसून राहिला.

तिसऱ्या गाडीला बाकासमोरच्या खिडकीतल्या एका म्हाताऱ्याने तांब्या पुढे केला आणि विचारलं, "तुमच्या डोळ्याला काय झालं?"

लवूने बादली खाली ठेवली. "एक इंजिन यायचं होतं," तो म्हणाला. "एवढं मोठं, की त्याचे दोन्ही हात काढून ते आणावं लागलं. आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही त्याच्यासाठी फलाट कापत बसलो."

म्हातारा हसला. त्याने बाकावरच्या गुणाजीकडे पाहिलं. "खरं का हो हे?"

"खरं आहे," गुणाजी म्हणाला.

"आणि चाकं किती होती त्याला?"

लवूने गुणाजीकडे पाहिलं. गार्डाने शिट्टी दिली.

"ते आम्ही विचारलं नाही," गुणाजी म्हणाला.