अर्धी लादी

परातीत बर्फाची अर्धी लादी उरली होती आणि ऊन लागलेली माणसं दोन होती. आत अंधाऱ्या खोलीत माझा तीन वर्षांचा दिनू डोळे फिरवून पडला होता. बाहेर पडवीत बर्फमास्तर पडले होते. ती लादी त्यांनीच अकोल्याहून सायकलवर आणली होती. त्यांच्या कपाळाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं झालं, आणि अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

माझी सासू वरवंटा घेऊन आली. "फोड वं ते. अर्धा बर्फ मास्तरच्या डोक्याले लाव. तोही कोनाचं लेकरूच हाये."

पडवीतून मास्तरांचा आवाज आला. "फोडू नका, वैनी. फोडला का दोघायचाही गेला."

वरवंटा सासूच्या हातात तसाच राहिला. त्या माणसाचं म्हणणं खोटं नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तीन वर्षं तो आम्हाला हेच तर सांगत होता.

बर्फमास्तर हे नाव पोरांनी ठेवलं. आमचं गाव पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं. विहिरी खारट, झाडं विरळ. मे महिन्यात चिमण्या वळचणीतून मरून पडायच्या, आणि हा माणूस शाळेत गोठलेल्या समुद्राबद्दल सांगायचा. अमरावतीला मास्तरकीचं शिक्षण घेताना कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी ते वाचलं होतं. तेव्हापासून भूगोलाच्या तासाला वर्धा नदीपासून निघाले तरी पोचायचे उत्तरेच्या समुद्रावर. स्वतः समुद्र कधी पाहिला नव्हता. बर्फ पाहिला तो शरबताच्या गाडीवरचा.

आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर मास्तर आमच्या वस्तीतल्या बायकांना दुपारचे शिकवायला लागले. माझी चौथी तिथेच झाली, लग्नानंतर. पुढे शिकले नाही. मास्तर आमच्यातलेच, मॅट्रिक झालेले, पण शिकवताना आवाज चढवत नसत. "म्या म्हनतो म्हनून मानू नका, तपासा," हे त्यांचं पालुपद. मग मी तपासायचे.

"लाखो वर्षं आधी समुद्रावर किती बर्फ होता, हे तुमाले कसं ठाऊक? तवा पाहाले कोन होतं?"

"समुद्राच्या बुडाचा चिखल काढतेत, वैनी. लांब नळी घालून. थरावर थर येते. त्यात सुईच्या टोकाएवढे शिंपले असतेत. थंडीच्या काळातले येगळे, उन्हाच्या काळातले येगळे. चिखल लबाडी करत नाही."

सासूला त्यातलं एकच आवडलं. समुद्र गोठताना मीठ खाली सोडतो, आणि वरचा बर्फ जुना झाला की गोडा होत जातो, असं मास्तर म्हणाले. ती लगेच म्हणाली, "मंग आना ना तो समुद्र इकडं. चार घागरी मीबी भरतो. नुसत्या गोठी सांगून तहान भागते काय?" बायका हसल्या. मास्तरही हसले. त्यांना राग येत नसे, हा त्यांचा एक दोषच होता.

पुढे ते सांगायचे की पृथ्वी थंडावली तेव्हा तो बर्फ लांबवर पसरला आणि तापली तेव्हा मागे हटला. पण हटतानाची त्याची चाल सारखी नसते. "पांढरं ऊन फेकते, काळं ऊन पेते," असं म्हणून ते भिंतीवर कोळशानं काढून दाखवायचे. बर्फ पांढरा, तो ऊन परत फेकतो. थोडा वितळला की खालचं काळं पाणी उघडं पडतं. ते ऊन पितं, तापतं आणि शेजारचा बर्फ खातं. म्हणून थोडा गेला की उरलेला लवकर जातो. लाटांनी तुकडे झाले की आणखी लवकर. "बर्फ मधातून कमी मरते, कडेनं जास्त मरते. जितक्या कडा, तितकं मरन." उन्हाळ्यात तो समुद्र कधी पार उघडा पडला होता का, यावर मोठमोठे लोक भांडून राहिले, असंही सांगायचे. त्यांना स्वतःला काय वाटतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "मले नाही ठाऊक." मास्तरानं असं म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घरातही त्यांचं तेच. टिनाच्या छपराला दर उन्हाळ्यात चुना फासायचे. काळी छत्री वापरायचे नाहीत, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळायचे. लोक म्हणायचे, मास्तरच्या घराले पांढरा डाग झाला.

त्या वर्षी दिनूला ऊन लागलं. त्याचा बाप परतवाड्याला लाकडाच्या अड्ड्यावर कामाला होता. सासूनं रीतीप्रमाणे गोधडी घातली, घाम आला की ताप उतरेल म्हणून. मास्तरांनी येऊन ती ओढून काढली. रात्रभर आम्ही ओली फडकी ठेवली, पण विहिरीचं पाणीच कोमट. दवाखान्यातला कंपाउंडर गावात मुक्कामाला होता. तो म्हणाला, "उन्हात गाडीत घालून नेलं तर वाटेतच जाईल. बर्फ भेटला तर पाहा." मोटार गावात येत नव्हती. तांबडं फुटताना मास्तर सायकल काढून गेले.

परतले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अंगात फक्त बनियन. कारखान्यातला माणूस तुकडे करून देत होता, सायकलवर बसावे म्हणून. यांनी अख्खी लादी मागितली. भुसा, त्यावर पोतं, पोत्यावर स्वतःचा सदरा, आणि सदऱ्यावर डोक्याचा पांढरा रुमाल. पाच कोस उघड्या डोक्यानं सायकल मारली. मास्तरांचे केस काळेभोर होते. काळं ऊन पितं हे सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाला स्वतःचं डोकं आठवलं नाही. लोक म्हणतात, मास्तरांनी जीव दिला. मला तसं वाटत नाही. त्यांना जगायचं होतं, त्यांनी डोकं झाकायला हवं होतं.

लादी घरात आली तेव्हा वितळून अर्धी झाली होती, मी ती परातीत ठेवली. सायकल भिंतीला लावून मास्तर पडवीत बसले, आणि बसल्या जागी कलंडले.

मी लादी फोडली नाही. आज तीच वेळ आली तरी फोडणार नाही. फडकं लादीवर घासायचं आणि दिनूच्या काखेत, मानेवर, जांघेत ठेवायचं, हे मी करत राहिले. परातीत साचलेलं पाणी सासू मास्तरांच्या अंगावर ओतत होती. ते पाणी गार होतं, पण थोडं होतं.

"वैनी," त्यांनी विचारलं, "कडा गोल झाल्या काय?"

"झाल्या."

"मंग आता लवकर सरते. हात चालवा."

त्यानंतर ते बोलले ते मला कळलं नाही. जीभ जड झाली होती. सासू पडवीतून ओरडली, "अवं, हे हातपाय झाडून राहिले!" मी उठले नाही. परातीत वीतभर बर्फ उरला होता, मग मूठभर. शेवटचा तुकडा मी तळव्यावर धरून दिनूच्या कपाळावर फिरवला. तो संपला तेव्हा दिनूनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

मी त्याला पाणी पाजून पडवीत गेले. सासू मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. परात रिकामी होती.

दोघांतला एक जगला. तो माझा होता.