मुजावर मॅडमनी स्वतःकडे घेतलेली चूक

डॉ. मुजावर मॅडमना मी प्रथम पाहिलं ते सांगलीच्या बाह्यरुग्ण विभागात. रुग्णाला खुर्चीवर बसवून त्या स्वतः खाली उकिडव्या बसल्या होत्या आणि त्याच्या पावलांतली ताकद हातांनी अजमावत होत्या. मणक्याच्या शस्त्रक्रिया शिकायला आलेल्या मला त्या एवढंच म्हणाल्या, "पाठ बघायची तर आधी पाय बघा." त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना मला मात्र मान वर करता येत नाही.

कुंडल गावच्या अश्विनीची पाठ सतराव्या वर्षीच पार वाकली होती. तिचे वडील, सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, मला म्हणाले होते, "हिच्या आत्याचं पाय बी असंच बारीक हायती." मी घाईत होतो. घरातल्या आजारांच्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं.

शस्त्रक्रिया चालू असताना नसांचे संकेत दाखवणाऱ्या यंत्रावरच्या आधीच पुसट रेषा नाहीशा झाल्या. मज्जारज्जूला इजा झाल्याच्या शंकेने मॅडमनी पाठ सरळ करणाऱ्या सळ्या न बसवताच पाठ शिवली. अश्विनी शुद्धीवर आली, तेव्हा तिचे पाय हलत होते. पुढे तपासण्यांत नसांचा दुर्मिळ आनुवंशिक आजार निघाला. अशा रुग्णांत त्या यंत्रावर विसंबता येत नाही.

मॅडम सुभेदारांना म्हणाल्या, "घरातल्यांची चौकशी माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे. पोरीला पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

दुसऱ्या वेळी मॅडमनी अश्विनीला शस्त्रक्रियेच्या मध्येच थोडं जागं करवलं, नावाने हाक मारली आणि पाय हलवायला सांगितले. पाय हलले, मगच पुढचं काम केलं. अश्विनी आज आष्ट्याच्या शाळेत उभी राहून शिकवते.

या लेखाच्या निमित्ताने गेल्या महिन्यात मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सुभेदारांना भेटलात का?"

मी कुंडलला गेलो. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तवा का बोलला न्हाईत?" मी विचारलं, तेही नकळत त्यांच्याच बोलीत.

"आवं डॉक्टर, तुमी बोलाल म्हनून थांबलो हुतो."

मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्याकडे नवे विद्यार्थी येत राहोत आणि त्या प्रत्येकाला त्यांनी ही हकीकत माझ्या नावासकट सांगावी, एवढी माझी विनंती आहे.