दिनू भाऊजींचं मीठ

वाडीत कुणाकडेही पंगत बसली की पहिलं मीठ वाढायचे ते माझे धाकटे दीर, दिनू भाऊजी. केळीच्या पानाच्या वरच्या कडेला चिमूटभर, बोटं नेमकी आखडून. त्याआधी कुणी वरणाचं भांडं उचललं की ते वाट अडवून उभे राहायचे. "आधी मीठ, मग बाकीचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी लग्न होऊन वसईत आले तेव्हा या घरात शिस्त असलेला हा एकच माणूस मला सापडला.

भाऊजींना जन्मापासून डाऊन सिंड्रोम. शाळा फारशी झाली नाही, पण वाडीत कुणाला मीठ कमी लागतं, कोण लपवून जास्त घेतं, हे त्यांना पाठ होतं.

पन्नाशी ओलांडल्यावर गडबड सुरू झाली. शेजारच्या पूजेला ते मीठ वाढून गेले, परत आले, पुन्हा वाढलं. तिसऱ्या फेरीला शेजारचे अण्णा म्हणाले, "दिन्या, मला काय बरणीत घालायचंय?" सगळे हसले, भाऊजीही हसले आणि चौथी फेरी सुरू केली. पुढे चप्पल उलटी घालणं, विहिरीपाशी जाऊन कशाला आलो ते विसरणं हेही आलं. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, "पंतप्रधान कोण?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी."

आमच्या घरापुरतं उत्तर बरोबर आहे, असं माझ्या यजमानांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले की अशा मुलांचं असंच चालायचं. मुलगा बावन्न वर्षांचा आहे, मी म्हटलं, आणि जे त्याला कधीच माहीत नव्हतं ते तो विसरला की नाही हे तुम्हाला कसं कळणार? मग दुसरी डॉक्टर शोधली. त्या बाईंनी पंतप्रधानांना बाजूला ठेवलं आणि पूर्वी यांना काय काय जमत होतं ते विचारलं. डाऊन सिंड्रोममध्ये म्हातारपण लवकर येतं, स्मृतिभ्रंशही लवकर येऊ शकतो, हे त्यांनी समजावलं. हा हट्ट नाही, ओरडू नका. जे काम जमतंय ते काढून घेऊ नका, सोपं करून द्या.

त्याच सुमारास माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही नायगावच्या टॉवरमध्ये राहणारे, नोकरदार. जेवण आमच्या अंगणात, पानावर. मी कामं वाटायला बसले तेव्हा मिठापुढे भाऊजींचं नाव लिहिलं. नणंदबाईंनी ते पाहिलं.

"त्याला त्या दिवशी आतल्या खोलीत बसव. सोयऱ्यांसमोर शोभा नको."

"ताई, मीठ कोण वाढणार मग?"

"कुणीही वाढेल. मीठच तर आहे."

हे भाऊजींनी ऐकलं. त्यांनी मिठाची वाटी उचलली आणि ती शर्टाच्या आत घालून दिवसभर फिरले. आंघोळीलाही वाटी सोबत. मी ताईंना सांगितलं, ते वाढणार. वाटी मात्र मी बदलली. छोटी घेतली, एका फेरीत संपेल एवढंच मीठ घातलं.

पहिली फेरी झकास झाली. ताईंनी सुटकेचा निःश्वास सोडला, तेवढ्यात भाऊजी पुन्हा पंगतीच्या टोकाला. वाटी रिकामी. ते व्याह्यांसमोर वाकले, वाटीतून चिमूट उचलली आणि पानाच्या कडेला नीट ठेवली. काहीच नव्हतं ते. ताई जमिनीकडे बघत होत्या.

व्याह्यांनी पानाच्या त्या जागेवर बोट टेकवलं, जिभेला लावलं.

"मघाशी जरा कमी होतं, दिनूभाऊ. आता बरोबर झालं."

भाऊजींनी मान डोलावली आणि पुढच्या पानाकडे वळले. तिसऱ्या फेरीला व्याही हात जोडून म्हणाले, "आता बास हं, मला बीपी आहे." ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग डोळ्यांना लावला.

आता भाऊजींना उभं राहून वाढणं जमत नाही. नावं बरीचशी गेली. मी कधी वहिनी असते, कधी आई. त्यांच्या पानात मीठ मी वाढते. ते न वाढता भात पुढे केला तर तोंड फिरवतात. परवा मी मीठ वाढलं, त्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कुणी वाढलं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

"छान वाढलंय," म्हणाले, आणि जेवायला लागले.