एक थेंब, दोन भोकं

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत आहे, राहतो वरसेला. पाण्याच्या पातळ थरावर साबणासारख्या द्रवाचा थेंब पडला की तो कसा पसरतो, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे माझं काम. थेंब पडतो, पाणी चहूबाजूंनी सारखं मागे सरतं, मध्ये एक गोल कोरडी जागा उरते. एकच... हे लक्षात ठेवा.

माझे मामा पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचे. बाकी रंगकाम घरातले सगळे करत. डोळे मात्र शेवटी, आणि फक्त मामा. दोन वर्षांपूर्वी म्हणाले, "काळा रंग नीट पसरत नाय रे. तुझ्या कंपनीत हाय का काय औषध?"

मी लॅबमधली छोटी बाटली नेऊन दिली. "चार थेंब टाका. गणितात मस्त पसरतो."

त्यांच्या रंगात मी ते एकदाही करून पाहिलं नव्हतं.

चतुर्थी तोंडावर असताना मामांनी सगळे डोळे आखले. दुपारी मी जाऊन बघतो तर प्रत्येक बुबुळाच्या मधून रंग मागे सरकलेला, आत पांढरं भोक. गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली. मामा स्वतःचा हात उलटसुलट करून बघत होते. "माझा हात गेला रे."

कारण मला माहीत होतं. मी म्हणालो, "वय झालं मामा, होतं असं."

त्यांनी पुन्हा कुंचला धरला नाही. दिवाळीनंतर गेले.

तेव्हापासून माझ्या गणितात एका थेंबाची दोन भोकं येतात, शेजारी शेजारी. माझ्या समीकरणाला फक्त मध्यापासूनचं अंतर कळतं, डावं-उजवं त्यात नाहीच. कोड नव्याने लिहिला, मशीन बदललं. सहकाऱ्याने चालवलं की एक, मी चालवलं की दोन.

गेल्या महिन्यात घरी तेलाचा हात फिरवलेल्या ताटलीत पाण्याचा पातळ थर घेतला आणि बरोबर मध्ये त्याच औषधाचा एक थेंब सोडला. दोन भोकं पडली. मामी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती वाकून बघत राहिली.

"डावा डोळा केसभर खाली आलाय," ती म्हणाली. "ह्यांचा नेहमी यायचा. मी चिडवायचे, तुमचा गणपती झोपेतून उठलाय म्हणून."

मग मी तिला सगळं सांगितलं. बाटली, चार थेंब, आणि 'वय झालं' म्हणालो तेसुद्धा.

"मला कशाला सांगतोस? हात काय मी बघत बसायचे? मरेपर्यंत तुझे मामाच आपला हात बघत बसायचे. त्यांना सांग." तिने ताटली माझ्याकडे सरकवली.

मी ताटलीकडे बघून पुन्हा सगळं सांगितलं. पाणी हललं नाही. शेवटी मामीनेच ते मोरीत ओतलं.

हे कशामुळे होतं, मला आजही सांगता येत नाही. रोज एकदा गणित चालवतो. दोन येतात, डावं जरा खाली. ती मिटतील म्हणून बघत बसतो... अजून मिटलेली नाहीत.