मथुराबाईंची बिनसेलची घंटा

हे लिहायचं मी चार-पाच वर्षं टाळलं. जन्मभर आयटीआयत वायरिंग शिकवलं. जे मीटरवर दिसत नाही, ते मी मानत नव्हतो.

निवृत्तीनंतर धारूरच्या बाजाराजवळ एका रिकाम्या गाळ्यात आम्ही सामाईक कार्यशाळा काढली. कुणीही यावं, भंगारातून स्वतःच्या हाताने काहीतरी बनवावं. भिंतीवर पाटी मीच रंगवली होती – 'इथली कुठलीही वस्तू कुणीही उघडून बघावी.'

मथुराबाई ऊसतोडीवरून परतल्या की यायच्या. लांडग्याने त्यांचं करडू नेलं होतं, म्हणून गोठ्याचं दार हललं की वाजेल अशी घंटा त्या बनवत होत्या. मोडक्या खेळण्यातला बझर, सायकलची तार, औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी... सगळं एका प्लास्टिकच्या डबीत.

कार्यशाळेत बनलेल्या वस्तूंच्या प्रदर्शनाच्या दिवशी, भर दुपारी, पाहुणे टेबलाभोवती उभे असताना घंटा वाजली. सेल अजून मथुराबाईंच्या मुठीतच होते.

"आता शेळ्यायला बी लाईट फुकट!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मला वाटलं, आत जादा सेल दडवलाय. म्हणालो, "बाई, इथं जादूचे खेळ नकोत."

"सर, मी कावून लपवू? खोला की. पाटी तुमचीच हाय."

मी खोललं नाही. पाहुण्यांसमोर त्यांचं खरं निघालं तर... एवढंच मनात आलं. त्यांनी सेल टेबलावर ठेवले, घंटा तिथेच सोडली आणि गेल्या. पुढे कार्यशाळेत येणाऱ्या बाकीच्या बायाही यायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने डबी उघडली. सेलची जागा रिकामी. बझरची एक तार तर जोडलेलीच नव्हती. मीटर लावला – शून्य. आणि डबी हातात असतानाच बझर वाजला... चांगला लांबलचक. काटा हलला नाही.

जवळून जाणाऱ्या लाईनपासून मोबाइलपर्यंत सगळे तर्क करून पाहिले. एकही बसत नाही. आणि कुणाला सांगितलंही नाही. सांगायचं तर मथुराबाई खऱ्या होत्या, हेही सांगावं लागलं असतं.

परवा बाजारात त्या सीताफळं घेऊन बसल्या होत्या.

"सर, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. शेळ्या?"

"इकल्या की. तोडीला गेल्यावर बघायचं कोणी?"

सीताफळं घेतली आणि तसाच उभा राहिलो.

"आजून काय देऊ, सर?"

"काही नको," म्हणालो आणि निघालो. म्हणायचं होतं ते एवढंच – बाई, तुम्ही खोटं बोलत नव्हता. माझं चुकलं.