माझा कार्बोरेटर आणि सासरेबुवांचा रामराम

आमच्या घरात थंडीच्या दिवसांत दोघं उशिरा जागे होतात. एक मी आणि दुसरी माझी मोटारसायकल.

मला उठवायला बायको आहे. मोटारसायकलला फक्त मी आहे! आदिलाबादकडची थंडी ज्यानं अंगावर घेतली नाही त्याला हे कळायचं नाही. डिसेंबर लागला की आमच्या बेला गावात सकाळी तोंडातून वाफ निघते, आणि गाडीतून तीही निघत नाही. चोक ओढा, किक मारा, पुन्हा मारा, स्वेटर काढा, पुन्हा मारा. आमच्या ओट्यासमोरून जाणारी माणसं मला रामराम करत नाहीत, नुसतं विचारतात, "आजबी नाई?"

माझं बांगड्या-टिकल्यांचं छोटंसं दुकान आहे. ते चालतं. गाडीचं मात्र तसं नाही.

तर त्या थंडीत माझे सासरे नेरडीगोंड्याहून मुक्कामाला आले. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. माणूस अबोल, भारदस्त. धोतराची घडी मोडू नये म्हणून खुर्चीवरसुद्धा अर्धेच बसणारा. माझ्या धाकट्या मेहुणीसाठी, शालूसाठी, पैनगंगेकाठच्या एका गावात स्थळ निघालं होतं. घर चांगलं, शेती चांगली, मुलगा शांत. याआधीची स्थळं पत्रिकेवरून, उंचीवरून, कशाकशावरून मोडली होती. त्यामुळे मामाजींचा जीव या स्थळावर टांगलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडं जायचं होतं.

"ऑटो सांगून ठेवा," बायको म्हणाली.

"काऊन? घरची गाडी हाय नं!" मी छाती काढली.

"ते गाडी हाय? मले वाटलं तुमी रोज सकाळी व्यायाम करून राह्यले."

मामाजी गालात हसले. (तसे ते कधी हसत नसत, म्हणून ते मला फारच लागलं.) मी त्याच दुपारी ठरवलं, गाडी दुरुस्त करायची. तीही स्वतः!

मोबाइलवर एका माणसानं हिंदीत समजावून सांगितलं होतं की थंडीत गाडी सुरू होत नसेल तर कार्बोरेटर उघडा, आतला जेट, म्हणजे बारीक भोकाची पितळी तोटी, साफ करा, स्क्रू जुळवा, बस! तो इतका हसत हसत बोलत होता की मला वाटलं, हे तर पोळी उलटण्याइतकं सोपं आहे. मी बायकोची कणकेची परात घेतली (विचारून नव्हे) आणि अंगणात कार्बोरेटर मोकळा केला. पाहता पाहता परात भरली. एवढ्याशा डब्यात इतकं सामान मावतं यावर माझा विश्वासच बसेना. जेट साफ करायला तिची शिवणाची सुई घेतली (तीही विचारून नव्हे). त्या जेटनं सुईवरून उडी मारली आणि तो शेजारच्या सुपात, पाखडायला घेतलेल्या ज्वारीत गडप झाला.

"अवो, ज्वारीत हे पितळ कोठून आलं?"

"इकडं आन! इंजिन हाय ते!"

"हे इंजिन? मंग त्या परातीत काय हाय?"

मी परात जवळ ओढली. त्यात काय आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

जोडताना सगळं नीट बसलं. फक्त वरून आत सोडायचं एक गोल नळकांडं होतं. अॅक्सिलेटर पिळला की ते वर जातं, सोडला की खाली येतं. ते काही खाली उतरेना, मध्येच अडायला लागलं. मी थोडा जोर लावला. तरी अडलं. मग मी पूर्ण जोर लावला आणि झाकण आवळून टाकलं! गाडी लगेच सुरू करून पाहिली नाही, कारण थंडीतल्या रोगाची परीक्षा थंडीतच व्हायला पाहिजे, असं माझं शास्त्रीय मत पडलं.

सकाळ झाली. मामाजी पांढरंशुभ्र धोतर, कोट, टोपी घालून ओट्यावर उभे. मी चोक ओढला, मनातल्या मनात हात जोडले आणि किक मारली.

पहिल्या किकेत सुरू!

मी अवाक. बायको अवाक. पण आम्हाला अवाक राहायलासुद्धा वेळ मिळाला नाही, कारण गाडी अशी काही किंचाळली की शेजाऱ्यांच्या कोंबड्या छपरावर चढल्या. अॅक्सिलेटरला माझा हातही लागला नव्हता!

"लय वरडून राह्यली हो!" मामाजी कानावर हात ठेवून म्हणाले.

"थंडी हाय नं मामाजी! गरम झाली का शांत होते! बसा तुमी!"

तेवढ्यात बायकोनं गाडीची चावी काढून घेतली. आमच्या गाडीचं कुलूप इतकं झिजलंय की गाडी चालू असतानाही चावी निघते, आणि त्याच जुडग्यात कपाटाची चावी असते. मुलाकडच्यांना द्यायची शाल कपाटात राहिली होती. ती आणायला बायको आत गेली. मामाजी मागं बसले. मी म्हटलं, तोवर गिअर टाकून ठेवू.

गिअर पडला आणि आम्ही निघालो. म्हणजे गाडी निघाली, आम्ही तिच्यावर होतो म्हणून सोबत गेलो!

मागून बायको शाल आणि चावी हलवत पळत होती. "चावी! चावी घ्या नं!" मला वाटलं, निरोप देऊन राह्यली. मीही मान हलवली. गाडी बंद करायची चावी तिच्याच हातात राहिली.

बेल्याच्या चौकातून आम्ही असे गेलो की चहावाल्याची किटली वरच राहिली आणि चहा कपाबाहेर पडला. "जवाई, हळू!" मामाजी ओरडले. "हळूच चालवून राह्यलो!" मी ओरडलो. आणि ते खरंही होतं, मी काहीच करत नव्हतो! ब्रेक दाबला की गाडी क्षणभर गुरगुरायची, सोडला की सुसाट. क्लच दाबला तर इंजिननं असा आवाज काढला की मामाजी जिवाच्या आकांतानं म्हणाले, "फुटते! फुटते! सोडा ते!" मी सोडलं. गाडीनं उडी मारली. (क्लच आणि ब्रेक सोबत दाबून धरायचे होते, असं आता मला सगळेच सांगतात. तेव्हा त्यातलं कोणी मागच्या सीटवर नव्हतं.) घाबरलेला माणूस हाताला लागेल ते दाबतो. माझ्या हाताला हॉर्न लागला, मग दिवा लागला, मग डावीकडचा इंडिकेटर. डावीकडं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावर होतं.

समोर कापसानं भरलेली बैलगाडी. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बैलगाडी मागं होती आणि गाडीवान उभा राहून आमच्या खानदानाचा उद्धार करत होता. मामाजींनी मला मागून घट्ट कवटाळलं होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा त्यांनी मला इतक्या प्रेमानं धरलं नव्हतं.

ते गाव आलं. मुलाचं घर दिसलं. फाटकाशी मुलाचे वडील, चार पाहुणे, पाय धुवायला पाण्याची बादली घेतलेला खुद्द मुलगा. बाकी सगळे हात जोडून उभे.

"या, या!"

"थांबत नाई!" मी ओरडलो.

"अहो चहा तरी घेऊन जा!"

पुढं रस्ता संपत होता आणि पैनगंगा सुरू होत होती. मामाजींना पोहता येत नाही, हे मला त्या क्षणी ते स्वतःच कानात ओरडून सांगत होते. मी हँडल वळवलं आणि थेट मुलाकडच्यांच्या अंगणात घुसलो. अंगणात कापसाचा डोंगर होता. पांढरा, मऊ, घराएवढा. आम्ही त्यात शिरलो.

एकदम शांतता. गाडी बंद!

कापूस हलला. आधी टोपी वर आली, मग टोपीखाली मामाजी. कमरेपर्यंत रुतलेले, मिशांना कापूस, कानांत कापूस. त्यांनी त्या अवस्थेतही दोन्ही हात जोडले.

"रामराम. मी शालूचा बाप."

मुलाच्या वडिलांचे हात आपोआप पुन्हा जोडले गेले. म्हणाले, "रामराम... बसा नं."

"बसलोच हाव."

इतक्यात मुलाची आई किंचाळली, "अव माय! धूर!" तापलेल्या सायलेन्सरला कापूस चिकटून धुमसायला लागला होता. या लोकांचं वर्षभराचं पीक, आणि मी त्यात पेट्रोलची टाकी नेऊन ठेवलेली! मुलगा मात्र धावला, गाडी ओढून बाहेर काढली, बादली उचलली आणि अर्धं पाणी सायलेन्सरवर, अर्धं माझ्यावर ओतलं. पाय धुवायचं पाणी डोक्यावर घेणारा पहिला पाहुणा मीच असेन. थंडी अशी वाजली की कार्बोरेटरचा कबुलीजबाबसुद्धा मी दात वाजवतच दिला.

स्थळ मोडलं, असं समजून मी गोठ्याजवळ ओला उभा राहिलो. मामाजी माझ्याकडं न बघता घरात गेले. आतून बोलणं ऐकू येईना. मग मुलाचे वडील बाहेर आले, माझ्याकडं बोट दाखवून आत वळत म्हणाले, "जो मानूस ह्या जवायाच्या मागं बसून आला अन् तरी पयले रामराम म्हनला, त्याच्या घरची पोरगी संसारात डगमगनार नाई. आमाले पसंत हाय!"

मामाजी ऑटोनं परतले. मी आणि गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. बेल्यातल्या मिस्त्रीनं ते नळकांडं फिरवून सुलट बसवलं, आणि गाडी पुन्हा पहिल्यासारखी थंड पडली.

शालूचं लग्न थाटात झालं. आता मामाजींना कुठं जायचं असलं की फोन धाकट्या जावयाला जातो. मला वाईट वाटत नाही, कारण फोन मलाही येतो. निघायच्या आधी, न चुकता.

"जवाई, आमी निघून राह्यलो. तुमी रस्त्यावर नाई नं?"