बावीस मिनिटांचं रडणं

रक्त तपासायच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काम करूनही तिच्या हातून कधी नळी बदलली नव्हती. त्या मंगळवारी बदलली. दोन पेशंटच्या नळ्यांवर तिने एकमेकांची लेबलं चिकटवली. लॅबच्या मोठ्या बाईंच्या वेळीच लक्षात आलं, म्हणून निभावलं. बाई ओरडल्या नाहीत. "घरी जा, झोप काढ," एवढंच म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर मला तुला ठेवता येणार नाही."

झोप काढायची कुठून? आठ महिन्यांची छकुली दर पाऊण तासाने उठायची आणि खांद्यावर घेतल्याशिवाय गप्प व्हायची नाही. थोडं रडू दिलं की मूल आपलं आपण झोपायला शिकतं, असं तिने दहा जणींकडून ऐकलं होतं. नवऱ्याला मात्र ते मुळीच पटायचं नाही. तो घरीच शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. एरवी गरीब स्वभावाचा, पण पोर रडली की हातातलं काम टाकून धावायचा.

"आज दुपारी एकदा करून बघू," ती घरी येऊन म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"ती काय मुद्दाम रडते?"

"आणि माझ्या चुकीमुळे उद्या कुणाला भलतंच औषध मिळालं तर?"

तो मशीनपुढे जाऊन बसला. छकुलीला कठड्याच्या खाटेत ठेवून तिने दार ओढून घेतलं. पाचव्या मिनिटाला तो उठला. तिने त्याचं मनगट धरलं.

"चार वर्षांचा होतो तेव्हा मला वसतिगृहात ठेवलं," तो खाली बघत म्हणाला. "आधी खूप रडायचो. मग गप्प झालो. सगळे म्हणाले, रुळला. रुळलो नव्हतो गं. कुणी येत नाही, एवढं कळलं होतं."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हे त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरले, पण हात सुटला नाही. अजून दोनच मिनिटं, ती मनाशी म्हणत राहिली.

बाविसाव्या मिनिटाला रडणं थांबलं. तिने दार उघडलं. पोर झोपली होती, स्वतःच्याच ओकारीत गाल टेकून. झोपेतही हुंदके चालू होते.

त्याने छकुलीला उचललं, हिने कोमट पाणी आणलं. कुणी कुणाला दोष दिला नाही. संध्याकाळी त्याने आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. "रात्री ती माझ्याकडे. तू दार लावून झोप."

तिने दार लावलं, कानात कापूस घातला. तरी छकुली उठली की दर वेळी त्याच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या, आणि ही छताकडे बघत पडून राहायची. तीन रात्री अशाच गेल्या. चौथ्या दिवशी ती आपणहून बाईंकडे गेली.

"नळ्यांचं काम माझ्याकडून काढून घ्या," ती म्हणाली. "माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

बाईंनी तिला रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर बसवलं.

ती घरी आली तेव्हा नवरा उघड्या मशीनवर डोकं टेकून झोपला होता. छकुली त्याच्या मांडीवर टक्क जागी होती. तिने पोरीला अलगद काढून घेतलं, आणि त्याला उठवायचा धीर तिला झाला नाही.